डोरोकाठचा उपास

पिन्यांव, डोरो नदीचे खोरे, पोर्तुगाल
३ सप्टेंबर २०२५

ती. दादांस,
प्रमोदिनीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, तेव्हा आपलं कागद-पेनच बरं. रजत या पत्राचा फोटो काढून तुमच्या दुर्गेशला पाठवणार, दुर्गेश हिंगण्याला त्याच्या कंपनीत छापून घेणार आणि संध्याकाळी कळमेश्वरला तुमच्या हातात देणार. टपालाने टाकलं असतं तर पत्राच्या आधी मीच धरमपेठेत येऊन पोचले असते.

मी सुखरूप आहे. इथली माणसं उन्हाने हैराण झालेली दिसतात. पारा अडतीसवर. मी म्हटलं, आमच्या नागपुरात याला एप्रिलचा गारवा म्हणतात. इनेश खूप हसली. आपल्या रजतने पसंत केलेली मुलगी उंच आहे, हडकुळी आहे, हात मात्र कामाचे, नखांत माती अडकलेली. पहिल्या दिवशी ती वाकून नमस्कार करायला आली आणि माझ्या पायांऐवजी चपलेला हात लावून उभी राहिली. रजतने शिकवलं ते अर्धंच शिकवलं. मला मात्र तेवढ्यानेच भरून आलं.

हे खोरं पाहायला तुम्ही हवे होतात. डोंगर इतके उभे की शेळीसुद्धा विचार करून चढेल, आणि त्यावर पायऱ्या-पायऱ्यांनी द्राक्षाचे मळे. प्रत्येक पायरीला हाताने रचलेली दगडी ताल. जन्मभर भूगोल शिकवला, पण असा डोंगर पुस्तकात नव्हता. माती जवळजवळ नाहीच. पाटी फुटली की जसे थर सुटतात तसा खडक आहे आणि त्याच्या भेगांतून वेलीची मुळं खाली पाणी शोधत जातात. या खोऱ्याची हद्द सरकारने पावणेतीनशे वर्षांपूर्वी दगड रोवून आखून दिली. हद्दीतल्या द्राक्षाची तीच खरी पोर्ट वाइन, बाहेरची नाही. इनेशच्या वडिलांच्या, आर्मिंदोंच्या, बांधावर असा एक दगड आहे. तो ते येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या नातवासारखा दाखवतात.

आता मुख्य गोष्ट. पोळ्याच्या दिवशी तुम्ही जे बोललात, ते मनात घेऊनच मी विमानात बसले. "ज्या घरी दारू गाळतात, तिथची सोयरीक झाली तं मी पोराच्या मांगं उभा राहणार नाही वं," असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात. त्यात रजतने कॉम्प्युटरची नोकरी सोडून यांच्या मळ्यात काम करायचं ठरवलं आहे, म्हणजे आगीत तेलच. पण दादा, रजतचे बाबा गेल्यापासून या पोराचं सगळं तुम्ही पाहिलंत. मार्गशीर्षात लग्न लागायचं आणि नवरदेवाच्या मागे मामा नाही, असं लग्न मला नको. तसं मी रजतलाही सांगितलं आहे. मी इथे महिनाभर डोळे उघडे ठेवून राहणार आणि जे दिसेल ते तुम्हाला जसंच्या तसं कळवणार.

वहिनींना नमस्कार. त्यांच्या गुडघ्याचं तेल फ्रिजवर ठेवून आले आहे. लोभ आहेच तुमचा. रागातून सवड काढून तो थोडा वाढवावा.

तुमची,
प्रमोदिनी


कळमेश्वर
८ सप्टेंबर २०२५

चि. प्रमोदिनीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. अक्षर अजून मास्तरणीचेच आहे. इकडे सर्व क्षेम. पाऊस उघडीप देत नाही, आंबिया बहाराची फळगळ सुरू झाली आहे, सकाळी झाडाखाली हिरव्या संत्र्यांचा सडा दिसला की चहा गोड लागत नाही. तुझी वहिनी म्हणते, नणंदबाई परदेशात आणि मी चुलीपाशी, हा कुठला न्याय. तेल मिळाले.

तू लिहिलेस त्यावरून काही शंका आहेत. एवढ्या उतारावर पाणी देतात कसे? की देतच नाहीत? वेल आपल्याच मुळावर आहे की कलम? कलम असेल तर खुंट कशाचा? तालीची पडझड दरवर्षी कोण बांधतो? हे विचारले म्हणून मी विरघळलो असे समजू नको. बागायतदाराला दुसऱ्याची बाग दिसली की तोंड आवरत नाही, एवढेच.

बाकी माझे म्हणणे तेच आहे. अनंताला मी खांद्यावर टाकून घरी आणले आहे, ते काही एकदा नाही. आपल्या धाकट्या भावाच्या हातात पेला दिला तो कोणी गुंडाने नव्हे. चांगल्या घरातली, चांगले बोलणारी मंडळी होती आणि बाटलीही भारीची होती. शेवटी काय हातात राहिले ते तुला माहीत आहे. चाळिशी पाहिली नाही त्याने. तेव्हा तू तिला वाइन म्हण की आणखी काही म्हण, माझ्या लेखी ती दारूच. आणि माझा भाचा ती पिणार एवढेच नाही, तर करणार!

पितृपक्ष लागला आहे. या पंधरवड्यात सोयरिकीचा विषय पुन्हा काढू नको. द्राक्षे पोटभर खा, रसाच्या वाटेला जाऊ नको. आशीर्वाद मागावे लागत नाहीत, ते आहेतच.

तुझा,
दादा


पिन्यांव
१४ सप्टेंबर २०२५

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

आधी तुमच्या शंका. जुन्या मळ्यांना पाणी देत नाहीत. ताल पडली की मळेवालाच बांधतो, आर्मिंदो स्वतः दगड बसवतात. वेल कलमीच आहे. दीडशे वर्षांपूर्वी मुळांना कीड लागून हे सगळं खोरं उजाड झालं होतं, तेव्हापासून अमेरिकेतल्या रानवेलीचा खुंट लावून त्यावर इथल्या द्राक्षाचं कलम करतात. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. इनेशने ते त्यांच्या भाषेत सांगितल्यावर त्यांनी मला मळ्यात नेऊन चाळीसेक वेलींचे बुंधे दाखवले. माझे पाय मोडले. तुमचे प्रश्न तुम्ही स्वतः येऊन विचारत जा.

भाषेचं म्हणाल तर मी उपाशी मरणार नाही. पाव, चावी, मेज हे शब्द इथूनच आपल्याकडे आले, ते मी यांना परत देते आणि काम भागतं.

परवा तोडणीचा पहिला माल आला. दगडी हौदात गुडघाभर द्राक्षं ओततात आणि सगळ्यांनी त्यात उतरून ती पायांनी तुडवायची, अशी रीत आहे. यंत्रं असतात, पण चांगल्या मालाला अजून पायच लागतात, कारण पायाने बी फुटत नाही आणि कडवटपणा उतरत नाही. मला म्हणाले, या. मी अन्नाला पाय कशी लावू? मी हौदाच्या काठावर बसून राहिले. शेवटी इनेशच्या आईने हात धरला, तेव्हा मी वाकून द्राक्षांना हात लावला, तो कपाळाला लावला आणि मग उतरले. तिने विचारलं काय केलंत. मी म्हटलं, माफी मागितली. मग खांद्यावर खांदा ठेवून आम्ही सगळे ओळीने, एक पाय, दुसरा पाय, शाळेच्या लेझीमसारखे तुडवत राहिलो. पाय अजून जांभळे आहेत. वहिनींना सांगा, नणंद आळता लावून फिरते आहे.

ओळख म्हणून इनेशने तीन पेले पुढ्यात ठेवले आणि फक्त वास घ्यायला सांगितला. पहिल्याला कच्च्या पेरूचा वास होता. दुसरी तांबडी, तिला पाऊस उघडल्यावर जांभळाच्या झाडाखाली येतो तसा. तिसरी यांची खरी पोर्ट. तिचा रस अर्धा आंबला की त्यात द्राक्षाचीच तेज दारू घालून ते आंबणं थांबवतात, म्हणून गोडी आत राहते. मग ती लाकडी पिंपात वर्षानुवर्षं पडून असते. तिला मनुकांचा, सुक्या अंजिराचा आणि जुन्या गुळाचा वास आला. इनेश म्हणाली, तुमचं नाक चांगलं आहे. एवढ्यावर फुशारून जाणारी तुमची बहीण.

आता फजिती ऐका. पहिल्या जेवणाला आर्मिंदोंनी बाटली आणली आणि माझ्या तोंडून पटकन गेलं, "माझा उपास आहे." आपल्याकडे कुणाचं काही नको असलं की आपण जे म्हणतो तेच. त्यांनी विचारलं कसला. पितृपक्ष तोंडावर आला होता, मी सांगितलं पितरांचा आहे, अमावास्येपर्यंत चालतो. त्यांनी बाटली उचलून आत नेली. मला वाटलं झालं काम. दुसऱ्या दिवशी पाहते तर मेजावर कुणाच्याच पुढे वाइन नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तोडणीच्या दिवसांत दिवसभर डोंगर चढून-उतरून आलेला माणूस, ज्याच्या कोठारात पिंपांच्या रांगा आहेत, तो माझ्या खोट्या उपासापायी पाण्याचा तांब्या पुढे घेऊन बसतो, आणि तोंड काढा प्यायल्यासारखं. पाहुण्याचा उपास असताना घरच्यांनी पिणं बरं दिसत नाही, असं ते म्हणाले म्हणे. खरं सांगावं तर त्यांना दुखवेन आणि न सांगावं तर रोज पाप वाढतंय. काय करू ते कळवा. तुम्ही रागावला असाल तरी कळवा.

तुमची,
प्रमोदिनी


पिन्यांव
१५ सप्टेंबर २०२५

ती. मामांस,
रजतचा शिरसाष्टांग नमस्कार.

आई झोपली आहे, तिच्या पत्राबरोबर हे माझं पाठवतो. मराठीत एवढं लांब लिहायची सवय गेली आहे, चुका पोटात घाला.

मामा, मी इथे काम शिकायला लागलो त्या दिवशी आर्मिंदोंनी माझ्या हातात पेला नाही, बादली दिली. म्हणाले, आधी थुंकायला शीक. एक घोट तोंडात घ्यायचा, फिरवायचा, थुंकायचा आणि काय कळलं ते सांगायचं. ज्याला थुंकता येत नाही त्याला ते कोठारात घेत नाहीत. सकाळभरात वीस पिंपं चाखायची तर दुसरा मार्गच नाही. मला नीट थुंकायला यायला आठवडे लागले, शर्ट सगळे खराब झाले. इथल्या गावातही पिऊन वाया गेलेली माणसं आहेत, नाहीत असं मी म्हणणार नाही. पण ती या कोठारात काम करत नाहीत.

मी अनंतमामांना विसरलेलो नाही. त्यांनी मला सायकलवर पुढे बसवून तर्री-पोहे खायला नेलेलं मला आठवतं, आणि शेवटी शेवटी ते मला ओळखत नव्हते तेही आठवतं. आणखी एक सांगतो, रागावू नका. मी कॉलेजात असल्यापासून घरी आलो की तुम्ही मला मिठी मारता आणि हळूच वास घेता. मला ते पहिल्याच वेळी कळलं होतं. मी कधी बोललो नाही, कारण मिठी मिळत होती.

मला इनेशशी लग्न करायचं आहे आणि हे काम करायचं आहे. पण तुम्ही मागे नसलात तर मी पाटावर उभा राहणार नाही, हे तिलाही माहीत आहे. ती म्हणाली, मग आपण थांबू. कितीही दिवस थांबू.

मामींना नमस्कार. माझ्यावर लोभ आहे म्हणूनच तर भीती आहे, हे मला समजतं. तरी लोभ थोडा जास्त असू द्या.

आपला,
रजत


पिन्यांव
२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

तुमचं उत्तर आलं नाही. तुम्ही रागावलात की विचारात पडलात, हे सात समुद्र ओलांडून मला कळत नाही. म्हणून जे केलं ते माझ्या बुद्धीने केलं, ते ऐका.

काल सर्वपित्री. सकाळी मी इनेशच्या आईचं स्वयंपाकघर मागून घेतलं. उडदाचे वडे केले, खीर केली, नागपुराहून आणलेल्या पुडीतली आमसुलं टाकून कढी केली. पान वाढून अंगणातल्या तालीवर ठेवलं. आपल्या आई-बाबांचं नाव घेतलं, रजतच्या बाबांचं घेतलं आणि अनंताचं घेतलं. आर्मिंदो टोपी काढून बाजूला उभे होते. त्यांनी विचारलं, शेवटचं नाव घेताना तुम्ही थांबलात, तो कोण?

मग मी सगळं सांगून टाकलं. इनेश ते त्यांच्या भाषेत सांगत होती. अनंता कसा होता, कसा गेला, तुम्ही काय म्हणालात आणि मी उपासाचं खोटं कसं बोलले. मला वाटलं होतं, या माणसाला आता अपमान वाटणार. तुमच्या धंद्याने आमचा भाऊ नेला, असाच त्याचा अर्थ होत होता की नाही?

ते म्हणाले, उपास खोटा आहे हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. उपासाची बाई दोनदा भात वाढून घेत नाही. मी विचारलं, मग तुम्ही इतके दिवस पाणी का प्यायलात? तर म्हणाले, पहिल्या रात्री बाटली आली तेव्हा तुम्ही स्वतःचा पेला बाजूला केला नाहीत, मुलाचा केलात. तेव्हाच समजलो की हे व्रत नाही, भीती आहे. आणि मग जे बोलले ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते: "वाइनला थांबायची सवय आहे. माझ्या कोठारात ती वीस-वीस वर्षं थांबते. घाबरलेल्या माणसाला मात्र ताटकळत ठेवू नये."

दादा, मला स्वतःला माहीत नव्हतं की मी रजतचा पेला सरकवला. हात आपोआप गेला असणार.

दुपारी मीच कोठारात गेले आणि इनेशच्या जन्मवर्षाचं पिंप दाखवा म्हटलं. ते तिच्या लग्नासाठी राखून ठेवलेलं आहे. त्यांनी लांब काचेच्या नळीने चमचाभर काढून दिली. कुणी आग्रह केला नाही. मी प्यायले. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून नको, माझ्याकडून कळावं. आधी अंजिराची गोडी लागली, मग अक्रोडाच्या सालीसारखं काहीतरी तुरट, आणि घोट उतरून गेल्यावरही किती तरी वेळ तोंडात सुगंध. अनंता जवळ आला की जो वास यायचा, तो मी त्या पेल्यात शोधत होते. तो नव्हता. मी तिथेच पिंपाला टेकून रडले, आणि मला खूप हलकं वाटलं.

मी तुम्हाला काही पटवून देत नाही. तुमचं दुःख माझ्यापेक्षा मोठं आहे, खांदा तुमचा होता. पण मी जे पाहायला आले होते ते पाहिलं. हे घर चांगलं आहे. आता तुम्ही काय ते ठरवा आणि ठरवलंत ते मला सांगा, नाही असलं तरी सांगा. गप्प राहू नका, एवढंच मागते.

तुमची,
प्रमोदिनी


कळमेश्वर
२ ऑक्टोबर २०२५, दसरा

चि. प्रमोदिनी व चि. रजत यांस,
दादाचे व मामाचे अनेक आशीर्वाद. आज सोने वाटून आलो, तुमच्या वाट्याचे देवापुढे ठेवले आहे.

तू घोट घेतलास हे वाचले आणि कागद खाली ठेवून बागेत निघून गेलो. दोन दिवस झाडाखालीच बसून काढले. तिसऱ्या दिवशी तुझी वहिनी पुढ्यात येऊन उभी राहिली. म्हणाली, "काहून असे बसून राहिले? तिनं खरं सांगतलं तं तुमाले राग येऊन राहिला. खोटं सांगतलं असतं तं गोड लागलं असतं काय?" मग तिने दोघांची पत्रे मला पुन्हा वाचायला लावली, मोठ्याने. रजतचे पत्र मला पुरे करता आले नाही. ते तिने वाचून दाखवले.

पोरा, तुला ते कळत होते हे मला माहीत नव्हते. तुला मिसरूड फुटली तेव्हापासून तू हसलास की अनंता हसतो. तेच दात, तीच मान वाकडी करायची खोड. तू दारातून आत आलास की माझ्या छातीत धस्स व्हायचे. बाग राखणारा माणूस फळाकडे पाहत नाही, त्याचे लक्ष माकडाकडे असते. माझे तसे झाले. तू किती चांगला झालास ते सगळ्या गावाने पाहिले, मी तेवढा पाहायचा राहिलो. दारूचा राग मला आहे आणि मरेपर्यंत राहील. पण तुझे लग्न मी अडवत होतो ते रागाने नव्हे. एक पोर गेले, दुसरे जाऊ नये म्हणून.

त्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा. पंधरा-वीस दिवस ज्याने आपल्याच घरात आपल्याच हातचे घेतले नाही, आणि का ते बोलूनही दाखवले नाही, त्याच्याशी सोयरीक करायला मला लाज वाटत नाही. लग्नाला येतील तेव्हा त्यांनी हॉटेलात उतरायचे नाही, माझ्या घरी उतरायचे. बाग दाखवीन. त्यांच्या सामानात बाटली असली तर असू द्या, मी विचारणार नाही. जेवताना माझ्या पेल्यात पाणी राहील आणि त्यांच्या पेल्यात त्यांचे. माझ्यासाठी त्यांनी पुन्हा उपास धरू नये, त्यांच्या कष्टाचे फळ आहे ते.

मुहूर्त काढायला दुर्गेशला धाडले आहे. प्रमोदिनी, तू आता रडत बसू नको, यादीला लाग. मी रजतच्या मागे उभा राहणार. मामाची जागा नवरदेवाच्या मागे असते हे बरे आहे गं. अक्षता पडताना माझे तोंड कोणाला दिसायचे नाही.

तुमचा,
दादा